घर किता

प्रिय ताई,

'प्रिय' हा शब्द मी आत्ता तीनदा तपासला. पहिली वेलांटी. बरोबर आहे. मागच्या पत्राचा मायना 'स.न.वि.वि.' असा होता, तो तू विसरली नसशील. सख्ख्या बहिणीला कोणी सनविवि लिहीत नाही, पाणीपट्टीच्या कार्यालयाला लिहितात. त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, एवढंच त्याच्याबद्दल बरं सांगता येईल.

मला तुला एक साधी गोष्ट विचारायची आहे. भाऊजी मूळचे कुठल्या बेटावरचे? हसू नकोस. तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली, ते आपल्याकडे चार दिवस राहून गेले, आणि मला त्यांचं गाव माहीत नाही. जहाजावर इंजिन दुरुस्त करतात आणि कुठल्याशा बेटावरचे आहेत, एवढ्यावर मी भागवलं. आता त्यांच्या एका शब्दावर आपलं घर अडकलं आहे. तो शब्द त्यांच्याकडे कोणत्या अर्थाने बोलतात हे कळल्याशिवाय मला पुढे काही करता येत नाही. म्हणजे करता येईल, पण ते चुकेल. आणि 'आपलं घर' असं मी आत्ता लिहून गेलो, ते लिहावं की नाही याचीही मला खात्री राहिलेली नाही. पण खोडत नाही. या पत्रात काही खोडायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

गेल्या वर्षीच्या तुझ्या पत्रापासून सुरुवात करतो, नाहीतर माझा गोंधळ तुझ्याही गळ्यात पडेल. चार पानं लिहिली होतीस. दवाखान्यातल्या पाळ्या, नवं घर, जिन्यात राहणारी मांजर. ते पत्र मी वाचलं नाही ताई, तपासलं. 'आम्ही रविवारी बंदरावर जातो', 'आम्ही भिंतींना रंग दिला', 'आम्हाला तुझी आठवण येते'. चार पानांत एकवीस वेळा आम्ही, आणि आपण एकदाही नाही. बाबा गेल्यावर आपण दोघंच उरलो, तेव्हा तुझ्या तोंडी दिवसभर आपण असायचं. आपण त्या दुकानात जायचं नाही, तो माणूस उर्मट आहे. आपण परीक्षेला घाबरायचं नाही. आपल्याला कुणाची गरज नाही. परीक्षेला मी बसणार असायचो आणि घाबरायची तू, तरी आपण. त्या आपणमध्ये मी होतो. आम्हीमध्ये मी नाही. हे कळायला नववीपर्यंतचं शिक्षण पुरतं.

शेवटच्या पानावर तू लिहिलं होतंस की बाबांच्या घराचं पुढे काय करायचं ते एकदा ठरव आणि कळव. आणि त्याखाली भाऊजींनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती. 'घर किता'. दोनच शब्द. तू त्यांना मराठी अक्षरं शिकवते आहेस हे मला ठाऊक होतं. इथे आले होते तेव्हाही ते माझा जुना कित्ता घेऊन बसायचे, तूच ठिपके काढून दिलेला, ज्यावर मी अ-आ गिरवले. एवढा मोठा माणूस, जीभ बाहेर काढून ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवत होता. ते काना काढताना वर एक छोटासा आकडा वळवतात, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. पण पाहिलेलं वेळेवर आठवलं तर तो मी कसला?

तू माझं नाव वेलांटी ठेवलंस ते उगीच नाही. पहिली की दुसरी, पहिली की दुसरी असं विचारून मी तुझं डोकं खायचो. मोठा झालो तरी मला जिथे तिथे वेलांटीच दिसते. भाऊजींच्या शेवटच्या कान्यावरचा आकडा मला वेलांटीसारखा दिसला आणि मी 'घर किती' असं वाचलं. घर किती. म्हणजे, घराचे किती येतील? मला वाटलं, चला, आले मुद्द्यावर. चार दिवस इथे राहून स्वयंपाकघराचा अडकणारा दरवाजा रंधा मारून सारखा करून दिला, तेव्हाच किंमत मनात धरली असणार. मी मुद्रितशोधक आहे, लाल पेन्सिल खिशातच असते. अर्धवट वेलांटीचा तो शब्द गोल केला, समासात ठळक 'किती' लिहिलं, प्रश्नचिन्ह राहिलं होतं तेही घातलं. आणि ते पान त्या सनविविच्या पत्रात घालून तुला परत पाठवलं.

हे मी का केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग होता हे खरं. पण रागाच्या खाली, कसं सांगू, चूक सापडल्याचा आनंदही होता. कोणीतरी आपल्यापेक्षा कमी जाणतं याचा. लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर तुझ्याकडून आठ महिने काही नाही. मी रोज टपालपेटी उघडायचो आणि स्वतःला सांगायचो की पेटीचं कुलूप गंजू नये म्हणून उघडतोय.

मधल्या काळात छापखान्यात एक पुस्तक आलं. एरवी आमच्याकडे औषधांची वेष्टनं, पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिका. मालकांनी गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "घे, तुझ्यासारखंच आणखी कुणीतरी आहे जगात. एका शब्दावर दोनशे दहा पानं!" लेखिका म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक बाई. कानात यंत्र, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कायम दोन चष्मे आणि त्यातला हवा तो कधीच सापडत नाही. दर बुधवारी मुद्रितं बघायला यायच्या. पुस्तक कशावर, तर ऑस्ट्रोनेशियन भाषांवर. हा शब्द मी पहिल्या दिवशी चार प्रकारे लिहिला आणि चारही चुकले. हे भाषांचं एक प्रचंड मोठं घराणं आहे म्हणे, हजाराहून जास्त भाषा. आफ्रिकेजवळच्या मोठ्या बेटापासून थेट पॅसिफिक महासागरातल्या लांबच्या ठिपक्यांपर्यंत. काही हजार वर्षांपूर्वी माणसं होड्यांतून एका बेटावरून पुढच्या बेटावर गेली आणि जाताना शब्द बरोबर नेले.

त्या पुस्तकात मी पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला. जागोजागी एका शब्दाच्या आधी एक तारा छापलेला होता. तारा म्हणजे तळटीप, हे मला ठाऊक. पण तळाशी टीपच नाही. एकेक पान उलटून शोधलं, नाहीच. मग मी सगळे तारे काढून टाकले, एकूण एकेचाळीस. बुधवारी बाई आल्या, चष्मा बदलला, परत पहिला लावला आणि म्हणाल्या, "अहो शुद्धलेखन, तुम्ही माझं आकाश पुसलंत की!" मग खुर्ची ओढून समजावलं. तारा म्हणजे, हा शब्द कोणी लिहिलेला नाही, कोणी ऐकलेला नाही. हजारो वर्षांपूर्वी जे बोलायचे त्यांनी मागे अक्षर ठेवलं नाही. पण आजच्या भाषा शेजारी ठेवल्या की कळतं, असा एक शब्द असलाच पाहिजे. "चार भावंडांची नाकं बघून आजोबांचं नाक कसं असेल ते आपण सांगतो ना, तसं." मी एकेचाळीस तारे परत लावले. लावताना तो शब्द नीट वाचला आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. तो शब्द होता 'किता'.

त्या जुन्या भाषेत 'आम्ही' अशा अर्थाचे दोन शब्द होते. एक 'कामी', म्हणजे आम्ही, ज्याच्याशी बोलतोय त्याला सोडून. दुसरा 'किता', म्हणजे ज्याच्याशी बोलतोय त्याला धरून सगळे. आपण. बाई म्हणाल्या, जगातल्या पुष्कळ भाषांत हा फरकच नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवताना घाम फुटतो, मराठी माणसाला मात्र तो आयता मिळालाय. मी विचारलं, कामी आणि आम्ही सारखे वाटतात, काही नातं असेल का? त्या म्हणाल्या, "योगायोग आहे. दिसलं सारखं की जोडलं नातं, असं करू नका." मी मनात म्हटलं, बाई, माझा रोग नेमका उलटा आहे.

मला त्या दिवशी घरी कसा पोचलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आल्या आल्या मी स्वयंपाकघराचा दरवाजा दोन-तीन वेळा उघडला आणि लावला. अजून चांगला लागतो. दमट हवेत खालच्या कोपऱ्याला थोडा घासतो, पण ते मी मेण लावून बघणार आहे. तुझी खोली तशीच आहे. तिथे फक्त इस्त्रीचं टेबल ठेवलंय, तेही घडी घालून. घर आपलं. भाऊजींनी 'घर आपलं' लिहिलं होतं आणि मी त्यावर लाल गोल काढून प्रश्नचिन्ह घातलं होतं, असं मला त्या दिवशी वाटलं. वाटलं म्हणतो, कारण पुढे आणखी गोंधळ झाला.

आता तो दुसरा कागद. तो टाळत टाळत इथपर्यंत आलो, पण तुला तर तो ठाऊकच आहे. त्या सनविविबरोबर मी वकिलांकडून हक्क सोडल्याचा एक कागद करून पाठवला होता. मजकूर मीच तपासला होता, म्हणून निर्दोष. 'सदर घर यापुढे सर्वस्वी माझ्या भावाचे असून त्याच्याशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही.' खाली तुझ्या सहीला जागा, त्याखाली साक्षीदाराला. मला काय हवं होतं ते मला ठरवता येत नाही. तू चिडावंस, फोन करावास, 'वेलांट्या, अक्कल गहाण टाकलीस का?' असं ओरडावंस, बहुतेक हे. आणि तू काय केलंस? आठ महिन्यांनी, बाईंचं पुस्तक अर्ध्यावर असताना, तो कागद सही करून परत पाठवलास. पाकिटात दुसरी चिठ्ठीसुद्धा नाही. तुझी सही, साक्षीदार म्हणून भाऊजींची सही, आणि समासात पुन्हा त्यांच्या अक्षरात तीच ओळ. घर किता.

या वेळी काना दोनदा गिरवलेला होता. वरचा आकडा त्यांनी मुद्दाम गाळला होता. सरळ, उभा, खांबासारखा काना, कोणालाही वेलांटी वाटू नये असा. ताई, मी सहा वर्षं चुका शोधतोय. चूक करणारा माणूस चूक सुधारून दिल्यावर एकतर सुधारतो, नाहीतर पुन्हा घाईत तीच करतो. इतक्या सावकाश, इतक्या काळजीने कोणी पुन्हा चुकत नाही. त्यांना मी दुरुस्त केलं होतं आणि त्यांनी मला सभ्यपणे सांगितलं होतं, नाही, मला हेच म्हणायचंय.

बुधवारी ती ओळ मी बाईंना दाखवली. वरचा मजकूर हाताने झाकून, फक्त समास. त्यांनी विचारलं, "कोणी लिहिलंय?" मी म्हटलं, माझ्या भाऊजींनी. "कुठल्या बेटावरचे?" मी मजकुरावरचा हात उगीच नीट केला. "अहो, भाऊजी ना तुमचे? सख्ख्या बहिणीचे यजमान?" मी म्हटलं, हो. "आणि गाव माहीत नाही. बरं." त्या 'बरं'ने मला जेवढी शिक्षा झाली तेवढी कोणाच्या ओरडण्याने झाली नसती.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी पार गोंधळून गेलो. किता सगळीकडे आपण राहिलेला नाही. होड्या फिरल्या तसा तोही फिरला. मलय बोलणाऱ्यांत अजून बहुतेक ठिकाणी किता म्हणजे आपण, तुम्ही-आम्ही मिळून. पण काही किनाऱ्यांवर तो आदराने समोरच्याला म्हणतात, म्हणजे तुम्ही. आणखी एका बाजूच्या बोलीत किता म्हणजे चक्क मी, एकटा. फिलिपीन्समधल्या टागालोग भाषेत तो एका शब्दात मी आणि तू अशा दोघांना बांधतो, प्रेम आहे असं सांगताना तोच वापरतात. आणि अगदी पूर्वेकडच्या बेटांवर पुढचा 'कि' झिजून गेला, नुसता 'ता' उरला आणि त्याला नवी शेपटी फुटली. "समुद्राने वेलांटी खाल्ली," बाई म्हणाल्या. माझं टोपणनाव त्यांना माहीत नसताना म्हणाल्या.

तेव्हा बघ माझी अवस्था. भाऊजी पहिल्या ठिकाणचे असतील तर घर आपलं. दुसऱ्या ठिकाणचे असतील तर घर तुमचं, म्हणजे माझं, घ्या आणि सुखाने राहा, सही करून मोकळे होताना माणूस हेच लिहील. तिसऱ्या ठिकाणचे असतील तर घर त्यांचं, पण मग सही का केली? आणि आपलं असेल तर कुठलं घर आपलं? इथलं, ज्यात त्यांचाही वाटा आहे? की तिथलं, ज्यात माझीही जागा आहे? त्यांनी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तुमच्या नव्या घराबद्दल तुझं सगळं लिहून झालं होतं. एक ओळ आहे, ताई, दोन शब्द, आणि प्रत्येक वाचनाला मी कधी मालक होतो, कधी पाहुणा, कधी घरातला.

मी बाईंना म्हटलं, असा कसा शब्द, ज्याचा एक अर्थ ठरत नाही? त्यांनी दोन्ही चष्मे खाली ठेवले आणि मला विचारलं, "तुमचे मालक चिडले की काय म्हणतात?" मी म्हटलं, 'आपल्याला नाही असलं चालत.' "त्यात तुम्ही आलात?" नाही, ते एकटेच. "गिऱ्हाईक आलं की?" 'आपण बसा ना.' "आणि संध्याकाळी काम उरलं की?" 'आपण संपवून टाकू.' म्हणजे मी एकट्याने, मी म्हटलं, आणि बाई कानातलं यंत्र निसटेपर्यंत हसल्या. "मी, तुम्ही, आपण सगळे. तुमचा शब्द घरातून बाहेर न पडता तेवढंच फिरून आलाय. तुम्हाला रोज तो कळतो की नाही? कसा कळतो? म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून." मालक आतून ओरडले, "माझ्याबद्दल काय चाललंय रे तिकडे?"

तर मी भाऊजींच्या तोंडाकडे कधी बघितलं का, याचा विचार करतोय. दरवाजा रंधून झाल्यावर त्यांनी तो माझ्यासमोर लावून दाखवला होता, आवाज न करता. मग बोट दाखवून काहीतरी बोलले होते. मला वाटलं, चहा मागतायत. मी चहा दिला. आता वाटतं त्यात किता होतं. की मला आता सगळीकडे तेच ऐकू येतंय? ठरवता येत नाही. तसंच तुझ्या 'आम्हाला तुझी आठवण येते' या वाक्याचं. दहा वेळा वाचल्यावर परवा लक्षात आलं, ज्याची आठवण येते त्याच्याशीच बोलताना 'आपल्याला' लिहिताच येणार नाही. व्याकरणाने ते आम्हालाच हवं. मी बरोबर शब्दाचा राग धरून बसलो होतो.

तो कागद दाखल करायची मुदत या महिनाअखेर संपते, आणि हे पत्र त्यासाठीच लिहिलं. कागद या पाकिटात परत येतो आहे. आज सकाळी मी त्यावर लाल पेन्सिल चालवली. 'सर्वस्वी माझ्या भावाचे' खोडलं आणि वर 'आपले' लिहिलं, आणि पुढचं संबंध नसल्याचं वाक्य अख्खं काढून टाकलं. खाडाखोड केलेला कागद कार्यालयात चालत नाही, हे वकिलांनी मला दोनदा बजावलं होतं. तेव्हा घर आता जसं होतं तसंच आहे, दोघांच्या नावावर, आणि मला त्याचा अर्थ अजून पुरता कळलेला नाही. भाऊजींना गाव विचार. त्यांना सांग, ती ओळ तिसऱ्यांदा लिहा, कान्यावर आकडा वळवून लिहा, मी काही दुरुस्त करणार नाही. किंवा लिहूच नका, मला फोनवर ऐकवा, मी या वेळी नीट ऐकेन. मागच्या पत्राखाली मी 'आपला' अशी सही केली होती, कार्यालयाला करतात तशी, आणि ती तुला कशी लागली असेल ते मी जाणून होतो. आज खूप शोधून दुसरा शब्द सापडला नाही. तोच पुन्हा लिहितो आहे. कोणत्या अर्थाने, ते माझ्या तोंडाकडे बघितल्यासारखं करून वाच.

आपलाच,
वेलांटी